घरातले बूट

॥ श्री ॥
नवीन गावठाण, ता. पवनी
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाई यांसी,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमी म्हनसान, घरोघरी फोन आले अन् हे मंदी चिठ्ठी काहून लिवून राहिली. कारन असं का, फोन लावला का तुमचे भाऊ खाटेवरून मान उचलून आयकतात. लकवा उजव्या अंगावर गेला, बोलनं जड झालं, पन कान पयल्यापेक्षा तेज झाले. मी तुमच्याजवळ रडली का यायले वाटते डॉक्टरनं मले काही वेगळंच सांगतलं अन् मी लपवून राहिली. म्हनून हे चिठ्ठी. शेजारचे तुलारामभाऊ डुटीसाठी रोज एस.टी.नं भंडाऱ्याले येतात, त्यायच्याच हाती देते.

दवाखान्यातून घरी आनलं तवापासून मले सारखं भेव वाटते. पलीकडच्या घरी भांडं पडलं तरी मी हातातलं काम टाकून धावते. पोरगा गोलू हैदराबादहून रोज इचारते, त्याले बरं आहे म्हनून सांगते. डॉक्टर म्हनतात का दुसरा झटका येऊ नये म्हनून गोळ्या चुकवू नोका. ते दुसरा म्हनतात तवा मी घरी येऊन गोळ्या पुन्हा मोजते.

व्यायाम शिकवाले अपेक्षा मॅडम येते. पोरगीच आहे, पन बोलनं खडं. पयल्याच दिवशी तिनं सांगतलं का मालिशनं अंगाले बरं वाटन, पन चालनं येनार नाई. डोकं पाय इसरलं आहे, त्याले घडीघडी पायाची आठवन करून द्याव लागते. अंगनात खुर्चीच्या काठावर बसवते, दोन्ही हात गुंफाले लावते, अन् नाक पुढं नेत नेत उठवते. उठले का म्हनते आता उजव्या पायावर भार टाका. सांगा बाई, ज्या पायाचा भरोसा नाई त्याच्यावरच मानूस उभा कराचा. गुडघा लटपटते तवा मी डोळे मिटून घेते.

लुळा हात धरून ओढाचं नाई, खांदा निखळते म्हनते. म्हनून कमरेले यायचाच दुपट्टा बांधतो अन् मी उजव्या बाजूनं तो धरते. तुलारामभाऊनं अंगनात दोन आडवे बांबू बांधून देल्ले, त्यायच्या मधातून चालवतो. पायाचा पंजा खाली लोंबते, त्याले प्लॅस्टिकचा पट्टा आहे, पोटरीपासून तळव्यापर्यंत. पट्ट्यावरून बूट घालतो. आत येताना बूट मी उंबरठ्याभायेर काढून घेते, पट्टा तसाच असू देते, अन् धरून खाटेपर्यंत नेते. माह्या फरशीवर पाव्हनेही चपला घालून येत नाई हे तुमाले मालूमच आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत लिवा. माया आहे तशीच राहू द्या, अन् जवाब तुलारामभाऊच्याच हाती द्या.

तुमची,
मंदा

॥ श्री ॥
भंडारा
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मंदा हिस,
सत्यभामेचे अ. उ. आ.

चिठ्ठी दुकानातच, भांड्यांच्या ढिगात बसून वाचली. गिऱ्हाईक पितळी गुंड हातात घेऊन भाव विचारत उभं होतं आणि मी तुझ्या बांबूंमधून चालत होते. ते गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे.

तुझ्या फरशीचं मला काय सांगतेस. वास्तूच्या दिवशी तहसीलचा साहेब आला, त्यालाही तू बूट काढायला लावले आणि त्याच्या मोज्याचं भोक साऱ्या गावानं पाहिलं. तेजराम त्यावर किती दिवस हसत होता. त्याला ती गोष्ट पुन्हा सांग, हसला तर तोंडाची उजवी बाजू उचलली जाते का पाहा. जुनं घर धरणाखाली गेल्यावर तू ही फरशी किती हौसेनं बसवून घेतलीस ते मला ठाऊक आहे, तेव्हा चिडवते म्हणून रागावू नको.

आता खरं लिहिते. भिऊ नको असं मी तुला म्हणणार नाही, कारण मीच भिते आहे. आमच्या वडिलांना, बाबूंनाही, लकवाच झाला होता. तेजराम तेव्हा लहान होता, त्याला फारसं आठवत नसेल. सगळ्यांनी इतक्या मायेनं जपलं की त्यांना कोणी खाटेखाली पायच ठेवू दिला नाही. पाठीला जखमा झाल्या. त्या खोलीत जाताना मी बाहेरच श्वास भरून घ्यायची. बाबू त्या खाटेवरून उठले नाहीत. माझा भाऊ तसा जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. म्हणून ती पोरगी उभं राहा म्हणेल तर त्याला उभं कर, तू डोळे मिटून कर, पण कर.

माझे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत, नाहीतर आले असते. दिवाळीचा फराळ पाठवते आहे, त्याला चिवडा कमी दे, मीठ बेतानंच हवं.

तुमच्या दोघांची काळजी वाहणारी,
सत्यभामा

॥ श्री ॥
नवीन गावठाण
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाई यांसी,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

बाई, हे पडले.

धानाची कापनी चालू होती, गोलू सुट्टी घेऊन आला होता, तो बांधीत गेला होता. बांबूमधातून त्या दिवशी हे चांगले चालले. बांबूचा आधारही कमीच घेतला. मीही खुश होती. उंबरठ्याजवळ बूट काढले, आत घेतलं, बूट बाजूले ठेवाले मी जराशी वाकली, अन् दुपट्टा हातातून सुटला. आवाज आला तवा मी पाहिलं. उजवा पाय पुढं गेला होता अन् हे फरशीवर आडवे. कपाळ फुटलं. रगत माह्या पांढऱ्या फरशीवर, अन् हे माह्याकडं पाहत होते, लहान पोरानं पाहावं तसे.

हाड मोडलं नाई, फोटो काढला. कपाळाले टाके पडले. पन बाई, तवापासून हे उभे राहत नाई. खुर्चीच्या काठावर आनलं का डाव्या हातानं माह्या लुगड्याले धरून ठेवतात. बोलतात का जमीन पायाखालून जाते. आता सगळं खाटेवरच करतो. अपेक्षा मॅडमले मीच फोन करून सांगतलं का येऊ नोका. तिच्यावर राग नाई माहा, पन तिनं या पायावर भार टाकाले लावला नसता तं हे पडले नसते असं मले वाटते. खाटेवर आहेत तोवर डोळ्यासमोर तं आहेत.

गावातली मनकर्णाबाई येऊन गेली. तिच्या माहेरी लकव्यावर कबुतराच्या रगतानं मालिश करतात, तो मानूस महिन्यात चालते म्हनते. मी हो म्हटलं नाई अन् नाई बी म्हटलं नाई. तुमी काय म्हनता ते लवकर कळवा. तुमच्या बाबूची गोठ वाचली तवापासून मी रोज यायची पाठ पाहून राहिली. अजून तं साफ आहे.

लोभ असू द्या, अन् माह्यावर रागावू नोका.

मंदा

॥ श्री ॥
भंडारा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी पर्समध्ये घातली, शटर ओढलं आणि ऑटो करून अपेक्षाच्या इथल्या दवाखान्यात गेले. जिना चढताना देव आठवले, पण गेले.

भांडायला गेले होते, खोटं कशाला सांगू. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पडले तेव्हा पायात काय होतं. मी म्हटलं पट्टा होता, तुम्हीच दिलेला. तिनं पुन्हा विचारलं की पट्ट्यावर बूट होता का. मग मी तुझी चिठ्ठी काढली आणि बूट काढून ठेवायला तू वाकलीस ते वाचून दाखवलं. वाचता वाचता माझ्याच लक्षात आलं.

तिनं कपाटातून एक पट्टा काढला, दवाखान्याच्या फरशीवर ठेवला आणि एका बोटानं ढकलला. पार टेबलाखाली गेला गं. खाली गुळगुळीत प्लॅस्टिक, त्याला पकड कसली. तो पट्टा बुटाशिवाय घालायचाच नसतो, घरात सुद्धा नाही. ती तुझ्यावर रागावली नाही. म्हणाली की बूट घाला हे सांगितलं होतं, पण घरात आल्यावर काय करता हे तिनंही विचारलं नव्हतं. तिच्या घरीही चपला बाहेरच काढतात.

म्हणजे त्याच्या पायानं दगा नाही दिला, मंदा. भार टाकल्यानं नाही पडला. हे त्याला सांग, आजच सांग, कारण तो आपल्या पायाला दोष देत पडला असेल. आणि तूही आपल्याला दोष देऊ नको. तुझ्या जागी मी असते तर मीही उंबरठ्यावरच बूट काढले असते, आपल्या हातांना दुसरं माहीतच नाही.

तुलारामच्या हाती नवे बूट पाठवते आहे. नाडीऐवजी चिकटपट्टीचे आहेत, उजवा एक माप मोठा, पट्टा आत मावेल असा. ते जमिनीला लागलेले नाहीत. घरात घालायचे, बाहेर न्यायचेच नाहीत, मग तर तुझ्या देवांची हरकत नसेल. अपेक्षाला मी पुढच्या शनिवारी यायला सांगितलं आहे. खाटेवर आहे तोवर डोळ्यासमोर आहे असं तू लिहिलंस, ते वाचून मला फार भीती वाटली. बाबूही डोळ्यासमोरच होते.

कबुतराला त्याच्या घरी सुखानं राहू दे.

सत्यभामा

॥ श्री ॥
नवीन गावठाण
१५ डिसेंबर २०२४

ती. बाई यांसी,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

बूट पोचले. पन तुमाले खोटं सांगत नाई, डबा लय दिवस आलमारीवर तसाच होता. मॅडम दोनदा आली, मी तिले खाटेवरचेच व्यायाम घेऊ देल्ले. खाट मधल्या खोलीत, अन् तिथून सरळ स्वयंपाकाची खोली, अन् तिथं देव. देवाच्या घरात कातडं फिरवाचं म्हटलं का माहे हात जड होत. मनात म्हनो, हे बरे व्हावे म्हनून ज्याले दिवा लावते त्याच्याच पुढं बूट घालून जाव.

मंग एक दिवस यायनंच डबा मांगतला. बोलाले किती वेळ लागते तुमी आयकलं नाई, एकेक शब्द घशातून ओढून काढाव लागते. यायनं मले इचारलं का फरशी मोठी का मी मोठा. मी भायेर जाऊन रडून आली. मंग दसऱ्याले इळा-नांगराले लावतो तसं दोन्ही बुटाले हळद-कुंकू लावलं अन् पायात घातले. आता भायेर जुने बूट अन् घरात नवे, असं ठरवलं आहे. पाय घसरला तो प्लॅस्टिकमुळं हेही सांगतलं. यायनं उजव्या पायाकडं लय वेळ पाहिलं.

आता पुन्हा उभे राहतात. घामानं भिजतात. मॅडम समोर बसते अन् उजव्या गुडघ्याले हात लावून ठेवते, आरशात पाहून सरळ उभे राहा म्हनते. चार पायाची काठी देल्ली आहे. खाटेपासून दारापर्यंत जातात. मॅडमचं मले म्हननं आहे का दुपट्ट्याची पकड ढिली करा, तुमी ओढून धरता म्हनून त्यायचं अंग तुमच्यावरच भार टाकते. ते खरंही असन. पन बाई, ढिला कराचा म्हटलं का माही बोटंच उघडत नाई. रगत दिसते मले फरशीवर. पुसलं तरी दिसते.

तुमीच काही सांगा. आशीर्वाद असू द्या.

मंदा

॥ श्री ॥
भंडारा
२ जानेवारी २०२५

चि. सौ. मंदा हिस,
आशीर्वाद, दोघांनाही.

मी काय सांगणार. एक आठवण लिहिते, तेजरामला वाचून दाखव.

बाबूंनी त्याला वैनगंगेत पोहायला शिकवलं तेव्हा कमरेला दोर बांधला होता. मी काठावर कपडे सांभाळत बसायची. बाबू दोर ताणून धरत आणि हा हातपायच मारत नसे, दोरावर लोंबकळून राही. मग एक दिवस बाबूंनी त्याला न सांगता दोर सैल सोडला. हातातून टाकला नाही, सैल सोडला. मी ओरडणार होते, बाबूंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. त्यांचा चेहरा मात्र पांढरा झाला होता, ते मी पाहिलं. तेजराम बुडाला नाही.

भीती वाटू दे. हात तेवढा सैल कर.

आणि पुढच्या वेळी गोड गोड लिहू नको. चालतो तर चालतो लिही, नाही तर नाही.

सत्यभामा

॥ श्री ॥
नवीन गावठाण
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाई यांसी,
मंदाचा शि. सा. न. वि. वि. घाईनं लिवून राहिली, अक्षर समजून घ्या.

आज सकाळी यायले चहा देल्ला, बूट घालून देल्ले, कमरेले दुपट्टा बांधून खाटेवर बसवलं अन् मी घरामांगच्या सांदवाडीत लाखोरीची डाळ वाळू घालाले गेली. परत आली तं खाट खाली. दुपट्टा सोडून खाटेवर ठेवलेला. काठी नाई.

आवाज देल्ला, जवाब नाई. यायचा आवाज तं खोलीभायेर जातच नाई. न्हानीत पाहिलं. अंगनात पाहिलं, बांबूमधात कोनी नाई. नळाची टाकी भरून वाहत होती अन् समोर चिखल झाला होता. माह्या डोळ्यापुढं काय काय आलं ते लिवत नाई. तुलारामभाऊले हाक माराले वळली अन् उंबरठ्यापाशी थांबली.

फरशीवर चिखल होता. बुटाचे ठसे. डाव्या पायाचा ठसा पुरा, उजव्याचा टोकाले जरासा ओढलेला. अन् काठीचे चार टिपके. भायेरून आत आलेले. बाई, घरातले बूट आमी भायेर कधीच नेत नाई. म्हंजे हे आपल्या पायानं अंगनात गेले, चिखलातून गेले, अन् उंबरठा वलांडून परत आले, अन् कोनीच धरलं नोतं.

ठशामांगं मी स्वयंपाकाच्या खोलीत गेली. हे देवापुढं उभे होते. डाव्या हातानं देव्हाऱ्याची चौकट धरलेली, काठी भिंतीले टेकवलेली. पाय कापत होते. धावून धराव असं आलं, पन दचकून पडतील म्हनून मी दारातच उभी राहिली, पदर तोंडात कोंबून. यायनं मले न पाहता ओळखलं. हळूहळू बोलले का काडी लाव, एका हातानं लावता येत नाई. मी जवळ गेली अन् दिवा लावला. यायच्या चिखलाच्या बुटाजवळ बसून लावला.

तुमी म्हटलं होतं का चालतो तं चालतो लिव. चालतात. माहं भेव गेलं नाई, उद्याही मी भिईन, हे पुन्हा एखादवेळी पडतीनही. पन तुमच्या बाबूसारखं नाई झालं.

गुडघ्याचं कसंही करून एकदा या. चपला मात्र भायेरच काढा, सूट यायले एकट्यालेच आहे. फरशी मी अजून पुसली नाई. तुमी ठसे पाहून घ्या, मंग पुसीन.

वाट पाहनारी,
मंदा