सिग्नलला गाडी बंद करायची नाही

घाटकोपर (पश्चिम)
रविवार, दुपार

प्रिय मालन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस म्हणजे निदान उघडशील, एवढ्या भरवशावर लिहितेय. फोन केला असता तर दोन वाक्यांत तू तो ठेवला असतास, आणि मला खूप सांगायचंय. कागद कसा, मधे बोलत नाही. तर आधी बातमी ऐक. आपलं मसाला कांडायचं डंख चालू झालं. हो, तेच, चाळीतल्या खोली नंबर तीनमधलं, दोन मुसळांचं. तू बोरिवलीला लेकाकडे, नितेशकडे गेलीस त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते गोणपाटात गुंडाळून आमच्या नव्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये उभं होतं. सोसायटीने नोटीस दिली, होळीच्या आत हलवा, नाहीतर भंगारवाला बोलावू. घरात लावायची सोय नाही. चौदाव्या मजल्यावर मिरची कांडली तर वरचे दहा मजले शिंकतील आणि खालचे तेरा पोलिसांत जातील. म्हणजे या मोसमात ते कुठेतरी फिरतं झालं तर राहणार, नाहीतर किलोवर जाणार, अशी वेळ आली होती.

फिरतं ही कल्पना माझीच. समोरच्या लग्नात शूटिंगवाल्याकडे एक पेटी बघितली. बॅगेएवढी, वर दांडी, समोर आकडे दाखवणारा पडदा, आणि त्यावर मोठे दिवे जळत होते. पॉवर स्टेशन म्हणतात तिला. मी त्याचं डोकं खाल्लं. किती वॅट, मोटर उचलेल का, चालू होताना तिप्पट खेचते ते सोसेल का. आमचे हे गिरणीत जॉबर होते, मोटर उघडून बसायचे तेव्हा पाना-पक्कड मीच हातात द्यायची. तेवढीच माझी शाळा. पण एक हॉर्सपॉवर म्हणजे काय ते मला कळतं. त्यातली मोठी पेटी घेतली. कशी घेतली ते विचारू नकोस, चोरी केलेली नाही. टेम्पो भाड्याचा. आणि ड्रायव्हर कोण, तर तळमजल्यावरचे श्यामसुंदरभाऊ, बेस्टमध्ये एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. अजून बसस्टॉप दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

आता पेटी भरायची कशी? पार्किंगमधला प्लग सोसायटी देईना. बावीस किलोचं धूड रोज वर नेणं माझ्या कमरेला जमणार नाही. गिऱ्हाइकाच्या घरचा प्लग मागितला तर मशीनचा लोड म्हटल्यावर माणसं दार लावून घेतात. आणि टेम्पोचं इंजिन चालू ठेवून कांडावं, तर डिझेलचा धूर मसाल्यात बसतो. म्हणून ठरवलं, गाडी रस्त्याने जाईल तेवढा वेळ पेटी गाडीवर भरायची, आणि पोचल्यावर इंजिन बंद करून पेटीवर कांडायचं.

पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं. पेटीबरोबर आलेली वायर मी गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसली. तिथून जेमतेम शंभर वॅट येतात गो, त्याने पेटी भरायला अख्खा दिवस आणि वर रात्र लागेल. मुलुंडला कल्पिता म्हणून एक सुनबाई, तिची दोन किलो मिरची होती. इंजिन बंद केलं, पण चावी अर्धी फिरवलेली राहिली आणि वायर तशीच लावलेली. डंखाने पेटी रिकामी केली आणि पेटीने गाडीची बॅटरी ओढून घेतली. मिरची अर्धी कांडलेली, डंख गप्प, टेम्पो गप्प. सोसायटीतल्या बायकांनी पदर खोचून ढकलला, उतारावर एकदाचा खोकत सुरू झाला. कल्पिता मसाल्याचं घमेलं मांडीवर घेऊन मागे चढून बसली. अर्धा कांडलेला मसाला नजरेआड करायचा नाही, असं सासूने बजावलं होतं म्हणे. गॅरेजपर्यंत आली बिचारी, लाल भुवया घेऊन.

मग भटवाडीतल्या वायरमनकडून गाडीच्या बॅटरीपासून जाड केबल ओढून घेतली, फ्यूज घातला, मधे एक चार्जर बसवला. इंजिन चालू असेल तेव्हाच तो पेटीला वीज देणार, आणि डायनमोला झेपेल तेवढीच, चारशे वॅट. मी हिशेब मांडला, पाच तासांत पेटी काठोकाठ. पण कुठलं काय. मुलुंडला जा, विलेपार्ल्याला जा, पोचल्यावर बघावं तर आकडा भलताच कमी. वर मिरचीची धूळ जाऊ नये म्हणून मी पेटीला मलमलचं फडकं बांधलं होतं. तिला श्वास घेता येईना, एप्रिलच्या उन्हात ती तापून बंद पडली. तेही मोठ्या गिऱ्हाइकासमोर. त्या दिवशी घरी येऊन मी भंगारवाल्याचा नंबर काढून ठेवला होता, खरं सांगते.

फडकं सोडलं आणि पेटी धुळीपासून लांब, पुढे केबिनमध्ये माझ्या पायांशी ठेवली. त्याने पडदा माझ्या डोळ्यांसमोर आला. आणि पवईच्या पुढे गांधीनगरच्या सिग्नलला बघते तर काय, चारशेचा आकडा एकदम शून्य. सिग्नल सुटला, पुन्हा चारशे. पुढचा सिग्नल, पुन्हा शून्य. मान वर केली तर श्यामसुंदरभाऊंचा हात चावीवर. एकतीस वर्षांची सवय. सिग्नल लागला की इंजिन बंद, डिझेल वाचवायचं. त्याची त्यांना शाबासकीही मिळाली होती. मुंबईच्या रस्त्यावर अर्धा वेळ सिग्नलला आणि तुंबलेल्या गाड्यांत जातो, म्हणजे माझी पेटी अर्धा रस्ता उपाशी. आठ दिवस मी वायरमनला दोष देत होते.

त्यांना सांगणं हे वायर ओढण्यापेक्षा अवघड गेलं. म्हणाले, एकतीस वर्षांत कोणी मला गाडी कशी चालवायची ते शिकवलं नाही. दोन दिवस तोंड फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी मी स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवली, सिग्नलला गाडी बंद करायची नाही, हुकुमावरून. हुकूम म्हटल्यावर ऐकलं. कोणाचा ते विचारलं नाही. आता लालबहादूर शास्त्री मार्ग तुंबला की सगळी दुनिया शिव्या घालते आणि आम्ही दोघं शेंगदाणे खात आकडा चढताना बघतो.

आणि परवा खारदांड्याला गेलो. पुतळाबाई आठवते ना, आपल्या चाळीत पाटी घेऊन यायची, बोंबील घ्या म्हणून मजला दणाणून सोडायची, आणि दर वर्षी मिरच्यांचं पोतं आपल्याकडेच आणायची? आता गुडघे गेले, दारात बसून असते, पण आवाज तोच. पाच किलो मिरची आणि गरम मसाल्याची पिशवी तिने आदल्या दिवशी घरी पाठवली, भाजून आण म्हणून. मधेच बंद पडलं तर अर्धा मसाला तुझ्या डोक्यावर ओतीन, असा निरोपही पाठवला. सकाळी मुलुंडची फेरी करून पोचलो तेव्हा पेटीत ब्याण्णव टक्के होते. इंजिन बंद, टेम्पोचा मागचा फळका खाली, आणि डंख लावलं. मालन, तो आवाज. धाड-धूड, धाड-धूड. गल्लीतल्या सगळ्या दारांत बायका. पावणेदोन तास मी पडद्यावरून नजर हलवली नाही. शेवटची मूठ चाळणीतून गेली तेव्हा सहा टक्के उरले होते. पाच किलो, एकदाही न थांबता. श्यामसुंदरभाऊंनी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवल्याचं मग नाकबूल केलं. तिथल्या तिथे अकरा घरांनी नावं लावली. पासष्टाव्या वर्षी छाती फुगते म्हणजे काय ते मला त्या गल्लीत कळलं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. पुतळाबाईने मसाला तळहातावर घेतला, चोळला, नाकाशी नेला, जिभेवर ठेवला. मग म्हणाली, "कांडलाय बरा. पन भाजलाय कोनी?" मी म्हटलं, मीच. तिने हात झटकला. "ती दुसरी कुठंय?" एवढंच. माझं दगडफूल करपलं होतं आणि धणे कच्चे राहिले होते, ते मला घरीच कळलं होतं, पण म्हटलं खपून जाईल. तीस वर्षं मोटरीच्या आवाजात तुझ्या कढईचा आवाज मी ऐकलाच नव्हता. खोली सोडताना तू म्हणालीस, विक ते लोखंड, आपलं झालं. तेव्हा जिन्यात, चार बायकांसमोर, मी तुला म्हणाले की मशीन माझं आहे, तू नुसती भाजायचीस. ते वाक्य मी परत घ्यायला आलेय. लोक मशीनसाठी येत नव्हते, तुझ्या नाकासाठी यायचे, हे मला एका कोळणीने तळहातावर दाखवलं. अकरा घरांचं मी तुझ्या नावावर कबूल करून बसलेय, तुला न विचारता, जशी नेहमी करायची. मंगळवारी सकाळी नऊला टेम्पो तुझ्या गेटवर उभा राहील. लोखंडी कढई तेवढी बरोबर घे, माझी पातळ आहे. काल गाडीवर नाव रंगवून घेतलं. पेंटरने विचारलं, मशीन कोणाचं? मी सांगितलं, दोघींचं. तुझं नाव आधी घातलंय, मालन-रुक्मिणी फिरतं मसाला कांडप. रंग अजून ओला आहे, पण पुसायला मी कोणाला देणार नाही, तुलासुद्धा.

तुझीच,
जीभ सैल असलेली
रुक्मिणी