खणातला अर्ज

प्रिय ताई,

सकाळपासून चौथ्यांदा हा कागद पुढे ओढतोय. दोन ओळी झाल्या की फोन वाजतो. दोन्ही देशांनी एकमेकांचे राजदूत परत पाठवलेत, ते तुझ्याही कानावर आलंच असेल. आमच्या प्रवास परवाना विभागात आज पाय ठेवायला जागा नाही. जो तो आपल्या माणसाचा अर्ज कुठे अडकलाय ते विचारतोय. उद्यापासून टपालही बंद.

तुझं लग्न झालं ते दोस्तीचं वर्ष. सरहद्दीवरचं फाटक उघडलं, पुढाऱ्यांनी गळाभेटी घेतल्या आणि तुला तिकडचं स्थळ आलं. आई म्हणाली, "चार तासांची तर वाट." दोन वर्षांत चकमक उडाली, फाटक बंद. मग बोलणी, मग हेरगिरीचे आरोप, पुन्हा बोलणी. तुझी मुलं आम्ही फोटोतच वाढताना पाहिली.

आई गेली त्या वर्षी, ती अंथरुणाला खिळल्यावर, तिला भेटायला येण्याचा तुझा अर्ज इथे पोचला होता, ताई. माझ्याच टेबलावर. भाऊजींच्या सुवाच्य अक्षरातला, एकही रकाना चुकलेला नाही. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे चौकशी लागली होती, पलीकडे कुणाकुणाचे नातेवाईक आहेत याची. नोकरीला लागताना मी 'कुणी नाही' असं लिहून दिलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मामेभाऊ लपवला म्हणून त्याला घरी बसवलं. तुझ्या अर्जावर तर आईचं नाव, आपला पत्ता. माझी पाचावर धारण बसली. अर्ज खणात टाकला नि कुलूप लावलं. आई रोज विचारायची, "तिचं काही कळलं का रे?" मी सांगायचो, "तिकडच्यांनीच अडवलंय." अर्ज आल्यापासून अकराव्या दिवशी ती गेली. आता कुणी विचारणार नाही, म्हणून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

परवा तुझं पत्र आलं. भाऊजींना झटका आला, वाचा गेली, ऐकू मात्र येतं. आणि खाली तू लिहिलंस, यांनी अर्ज वेळेवर दिला असता तर आई भेटली असती, हे अजून मनातून जात नाही. बारा वर्षं तू त्यांना हेच ऐकवत आलीस. त्यांनी वेळेवर दिला होता, ताई. अर्ज सोबत जोडलाय, त्यावरची पोचल्याची तारीख माझ्याच हातची आहे. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, हवं तर पुन्हा लिहूही नकोस. पण आधी त्यांच्या उशाशी बस आणि हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझाच,
बारक्या