मागची सीट

प्रिय वहिनी,

तुमच्या नवऱ्याने ती चार जाड चाकांची एटीव्ही ओढ्यात घातली आणि तुम्ही माहेरी गेलात. जाताना मला बजावलंत, "भावजी, त्या गाडीला हात लावलात तर बघा!"

लावला. महिनाभर माझ्याच गॅरेजमध्ये आम्ही ती जोडतोय. सुरुवातीला साहेब एक हात गळ्यात बांधून मला अक्कल शिकवायचे. हँडल वाकडं, पुढचा एक्सल मोडलेला, आणि याने सगळ्यात आधी काय केलं, तर मागची सीट नवी शिवून आणली. म्हटलं, "अरे शहाण्या, आधी चाकं तरी लागू देत!" नुसता हसला.

मलाही तुमची भीती होतीच. अॅक्सिलरेटरपाशी एक बारीक स्क्रू असतो. तो आवळला की कितीही दाबा, गाडी पळत नाही. मी तो गुपचूप आवळून ठेवला.

आज तो चक्कर मारून आला. गाडी रडतखडत चाललेली. खाली उतरून त्याने वाकून तो स्क्रू पाहिला आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. म्हटलं, आता माझी काही खैर नाही. तर पठ्ठ्याने स्क्रू आणखी अर्धा फेरा आवळला.

"मागे ती असेल," म्हणाला. मग हळूच, "बसली तर."

हे पत्र मी टाकणार नाही. सगळं मीच सांगितलं तर त्याने काय सांगायचं? उद्या सकाळी तो त्याच गाडीवरून तुमच्याकडे निघतोय. आयुष्यात पहिल्यांदाच उशिरा पोचेल, पण धड पोचेल.

तुमचं न ऐकलेला,
भावजी