सोलापुरी उन्हाळ्यातला स्वेटर

१४ एप्रिल १९७४
घामेजल्या बोटांना लोकर चिकटते, या अत्याचाराची इतिहासाने नोंद घ्यावी. बाकी बदली उत्तम. भवानी पेठेत हवेशीर खोली मिळाली. मालकीण गंगम्मा, मागच्या बाजूला त्यांचे माग, त्यांच्या खटखटीवर झोप छान लागते. शाळेतल्या शिक्षिकांचं विणकाम मंडळ आहे. भर उन्हाळ्यात पाचसहा जणी मफलर विणत बसतात. मन शांत होतं म्हणे. मन असेल तर होत असेल. डॉक्टरांनी रक्तदाबावर हेच सांगितलंय, म्हणून मीही सुया घेतल्या.

२१ एप्रिल
मोडनिंबच्या भाचीला सातवा लागला. बाळासाठी पिवळ्या स्वेटरचे टाके घातले. गंगम्मांनी हातच धरला. "बाई, पोटातल्या लेकराला नवं करू नये की. आधी येऊ दे, जुन्या लुगड्यात गुंडाळा, मग करा." रिकामं अंगडं टांगलं, की ज्याला अंग नाही ते त्यात येऊन बसतं आणि मग आई शोधत जातं म्हणे. मी विचारलं, मग कपड्यांच्या दुकानदारांनी काय करावं? त्या हसल्या नाहीत. अडाणीपणालाही गांभीर्य लागतं.

२ मे
स्वेटर झाला. खुंटीला टांगला. मंडळाने कौतुक केलं, म्हणजे आपापल्या सुटलेल्या टाक्यांवरून नजर हटवली.

५ मे
बाहेर आग ओततेय आणि स्वेटर ओला, गार. बाह्या कोपराशी ताणलेल्या. गंगम्मांच्या नातवंडांचा चावटपणा, असं लिहिणार होते. त्यांना नातवंडं नाहीत.

८ मे
आंबूस दुधाचा वास. स्वेटर छातीशी फुगलेला, आत कोणी असल्यासारखा. कुलूप मीच लावते. किल्ली माझ्याकडेच—

९ मे
खुंटी रिकामी.
दुपारी भाचेजावई आले. काल संध्याकाळपासून भाचीचं पोट गार पडलंय, बाळ हलत नाही. मी चहा दिला. दुसरं काय देणार—
गंगम्मांना सांगितलं. माझी सगळी विद्वत्ता त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ज्यानं बोलवलं त्यानंच मांडीवर घ्यायचं, बाई. मग ते आनि कुणाची आई शोधत नाही."

१० मे, दुपार
मोडनिंबच्या दिशेला तोंड करून म्हटलं, ये. आई इथं आहे.
मंडळाने पाहिलं असतं तर—
स्वेटर खुंटीवर. भरलेला.
मी बोलावलं, मीच फेडते. मांडी घातली. पदर सोडला.
जड आहे. फार गार. माझा डावा हात त्यानं धरून ठेवलाय.
भाचीला कळवा, तिचं बाळ आता हल—