व्हॅसोडायलेटर म्हणजे काय

३ मार्च
ह्यांचा औषधांचा डबा आवरायला घेतला. प्रेशरच्या गोळ्यांच्या कागदावर एक शब्द दिसला : व्हॅसोडायलेटर. अर्थ शोधणार. सहजच. सातवीत शाळा सुटली, वाचन नाही सुटलं. आजपासून रोज एक वैद्यकीय शब्द शिकायचा.

४ मार्च, सकाळी
औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, काकू, रक्तवाहिन्या रुंद करणारं औषध ते. गोळी हवीय, की या वयात परीक्षेला बसताय? म्हटलं, परीक्षेलाच.

६ मार्च
दुसरा शब्द अजून घेतला नाही. आधी पहिला पक्का व्हायला नको का? वाचनालयातल्या जाड पुस्तकात सापडलं : उष्णतेनंही रक्तवाहिन्या रुंदावतात. पुस्तक तिथेच परत केलं. अक्षर फार बारीक होतं.

७ मार्च
शेकायची रबरी पिशवी टाकून दिली. जुनी झाली होती. लेक म्हणते, अगं, डिसेंबरात तर आणली! तिला रबरातलं काय कळतंय.

९ मार्च
लेकीची कटकट : आई, नीट जेवत का नाहीस? म्हटलं, अभ्यास चाललाय.
ह्यांच्या पोटातली मोठी धमनी फुगून फुटली, हे डॉक्टरांनी हे गेले त्याच दिवशी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी पाठ दुखते म्हणाले, म्हणून शेक दिला. मीच दिला. रुंदावणं आणि फुटणं यांत अंतर किती, एवढंच बघायचंय. माहिती असावी म्हणून.

१० मार्च
ठरलं. उद्या डॉक्टरांकडे. प्रश्न सर्वसाधारण विचारायचा. ह्यांचा विषय काढायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही.

११ मार्च
स्वतःचं प्रेशर तपासून परत आले. विचारायचं राहिलं. गर्दी होती. म्हणजे, माझ्यामागे एक बाई होत्या.

१२ मार्च
विचारलं. खुर्चीत बसायच्या आतच रडू फुटलं.
डॉक्टर म्हणाले, शेकानं रुंदावतात त्या कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या. म्हणून तर आराम पडतो. आतली धमनी कित्येक वर्षं फुगत आली होती. तुमच्या पिशवीनं काही म्हणजे काही झालेलं नाही, ताई. उलट त्यांना बरंच वाटलं असेल. काही म्हणाले का ते?
म्हटलं, आठवत नाही.
आठवतं. म्हणाले, आता बरं वाटतंय, जरा बस ना इथे. मी म्हटलं, आलेच, एवढं पान संपवते.
पान संपवलं. गोष्ट रंगात आली होती. पुढचंही वाचलं.