ड्रुसिलाच्या खिडकीतला दिवा

मी, लिअँडर थॉमस बजेल, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा सत्यघटनांवर पुस्तके लिहिणे, राहणार मर्सर्स आर्म, न्यूफाउंडलंड, शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवीत आहे. गुडघे कामातून गेलेत, डोकं नाही. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी एक गोष्ट लपवली होती.

१. माझे बंदरावरचे घर, बँकेतली शिल्लक व होडी पुतणी फिलिपा हिला द्यावी. होडी गळते. तिला ते माहीत आहे, तरी "काका, मलाच हवी" म्हणून हटून बसली आहे. घे बाई.

२. टोरांटोचे माझे संपादक मॉर्टिमर हॅस्केट यांना माझी रिकामी दौत द्यावी. 'बुडालेले सहा' लिहीत होतो तेव्हा हा गृहस्थ फोनवर खेकसला होता, "अहो, माणूस मरतोय आणि तोंडातून चकार शब्द नाही? वाचकांनी काय वाचायचं, लाटा?" पाप माझंच आहे. पण त्याच्यावरचा राग मी बरोबर कशाला नेऊ?

३. त्या पुस्तकाला मिळालेले पदक फिलिपाने बंदरात फेकावे.

४. कारण असे. १९७९ च्या वादळात आमच्या गावची मासेमारीची बोट गेली. सहा बुडाले, एकटा गारलंड पाइक वाचला. त्याची मुलाखत टेबलाच्या खणातल्या कॅसेटवर आहे. मी विचारतो, "सायलस स्टकलेस शेवटी काय म्हणाला?" गारलंड म्हणतो, "काही नाही रे. नुसता माझ्याकडे बघत होता." मग अकरा सेकंद नुसती खरखर. पुस्तकात त्या खरखरीच्या जागी मी सायलसच्या तोंडी वाक्य घातलं: "ड्रूला सांग, दिवा विझवू नकोस, मी येतोय." पुस्तक छापून येण्याआधीच गारलंड वारला. मला खोटं पाडणारं कोणी उरलं नाही.

पुस्तक आलं त्या संध्याकाळपासून सायलसची बायको ड्रुसिला समोरच्या काठावर, खिडकीत दिवा लावते. एकतीस वर्षं झाली. पोस्टमास्तरने मागणी घातली, त्यालाही तिने नाही म्हटलं. मी पडदे लावले, टेबल फिरवलं, तरी तो उजेड पाठीला जाणवतो. हल्ली कॅसेट लावली की त्या खरखरीत सायलस ते वाक्य म्हणताना ऐकू येतो, तेही माझ्या आवाजात. देवा रे, मेलेल्याच्या तोंडी शब्द घातले आणि जिवंत बाईचं आयुष्य त्यात अडकवलं.

५. ड्रुसिलाला मी काहीही ठेवीत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, आणि साक्षीदार मला तीच हवी आहे. सही करण्याआधी तिने हे सगळं वाचावं. तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही.

मर्सर्स आर्म, १४ नोव्हेंबर २०१९
(सही) लिअँडर टी. बजेल

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली, साक्षीदार:

(सही) रेव्हरंड ऑबेड चॉक

(सही) ड्रुसिला स्टकलेस. वाचून सही केली आहे. सायलस मला जन्मात कधी ड्रू म्हणाला नाही. 'म्हातारे' म्हणायचा, मी चोवीस वर्षांची होते तेव्हाही. पुस्तक वाचलं तेव्हाच मला कळलं. पोस्टमास्तरला नाही म्हटलं, कारण तो पिऊन गाडीत झोपायचा. दिवा तुला दिसावा म्हणून लावत होते, मेल्या. कबूल करायला एकतीस वर्षं घेतलीस. आज विझवते. उद्या ती कॅसेट घेऊन ये. सायलस गप्प राहिला, ते मला ऐकायचंय.