ठकूला विचारलेला प्रश्न

आई, तुला आणि अप्पांना वाकून नमस्कार.

आम्ही बऱ्या आहोत. तुझी नात ठकू आता स्वतःच्या हाताने जेवते. अप्पांचा गुडघा कसा आहे?

परवाचं फोनवर सांगवलं नाही. दुकानात अचानक भोंगा वाजला आणि ठकू जमिनीवर पडून किंचाळायला लागली. स्वमग्न मुलांना असा आवाज सोसत नाही, हे तू जाणतेस. लोकांना कुठून कळणार? तिने डोकं आपटू नये म्हणून मी तिला घट्ट धरलं, तर माणसं जमली. एक बाई दार अडवून उभी राहिली.

"ही मुलगी तुमचीच कशावरून?" तिने मला विचारलं. मग वाकून ठकूला म्हणाली, "बाळा, ही तुझी आई आहे का?"

सात वर्षांत ठकूने मला एकदाही आई म्हटलेलं नाही. तेव्हाही ती नुसती किंचाळत राहिली. शेवटी पोलीस आले. शेजारीण घरून जन्मदाखला घेऊन आली, तेव्हा आम्हाला सोडलं.

आता दाखला पर्समध्येच असतो, तरी दुकानात जायचं म्हटलं की मी उद्यावर ढकलते. ती बाई वाईट नव्हती गं. तिच्या जागी मी असते, तर मीही दार अडवलं असतं.

एवढं अप्पांना वाचून दाखवू नकोस. जपून राहा.

तुझी,
बेबी